खांद्यावर उमामा

लेक पाच महिन्यांची होती तेव्हाची गोष्ट. मी ऑफिसात, बायको बाळंतपणाच्या रजेवर घरी. आदल्या रात्री ती म्हणाली होती, "तुझी नमाज अख्खी असते. माझी तुकड्यांची." मला तेव्हा काही सुचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी कॉलेजच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आलं, ते मी लगेच तिला धाडून दिलं. गुलाबी पार्श्वभूमी, सजद्यात वाकलेली एक बाई, तिच्या पाठीवर गुबगुबीत बाळ. खालचा मजकूर असा, की आयांनो, मन खट्टू करू नका, खुद्द पैगंबर मुहंमद (स.) नमाजीत आपल्या नातीला खांद्यावर घेत असत.

दोन निळ्या टिका उमटल्या. मग उत्तर आलं: "यात उचलणारा कोण आहे ते परत वाच."

मी परत वाचलं. मग मूळ हदीस शोधून वाचली. मग तिच्यावरची भाष्यं, इंग्रजी-उर्दूतून जेवढी हाताला लागली तेवढी. माझी अरबी मदरशातली, म्हणजे घडाघडा वाचण्यापुरती. अर्थ लावायला शब्दकोश लागतो. मी आलिम नाही आणि इथे फतवा द्यायला बसलेलो नाही. दुसऱ्यांनी लिहिलेला कोड वाचायचा आणि तो जे करतो म्हणतो ते खरंच करतो का हे तपासायचं, हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्याच सवयीने हे मजकूर वाचलेत. नमाज आणि तिच्या मधे कडमडणारं लहान मूल यांच्याबद्दल आमच्या घरात जे-जे लिहिलेलं सापडलं ते सगळं: एक नियमांचं पुस्तक, तीन छोट्या हदीस, थोडी भाष्यं आणि फोनमधली अ‍ॅप्स.

ज्यांनी नमाज फक्त हिंदी सिनेमात पाहिली आहे (तिथे ती नेहमी निवांत असते, खिडकीतून ऊन येत असतं) त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दिवसातून पाच वेळा मिळून सतरा फर्ज रकाती. प्रत्येक रकातीत उभं राहायचं, कमरेतून वाकायचं म्हणजे रुकू करायचा, आणि दोनदा कपाळ जमिनीला टेकायचं, तो सजदा. सुरुवातीला 'अल्लाहु अकबर' म्हणून हात बांधले, की शेवटी उजवीकडे-डावीकडे सलाम फिरवेपर्यंत कुणाशी बोलायचं नाही, किब्ल्याकडची छाती वळवायची नाही. चार रकाती सहा-सात मिनिटांत होतात. सहा-सात मिनिटं म्हणजे काय मोठं, असं मूल नसलेल्या माणसाला वाटतं. रांगणाऱ्या मुलाला तेवढ्यात चार्जरची वायर चावून, कुंडीतली माती खाऊन, पुन्हा येऊन तुमच्या पायजम्याला लोंबकळायला वेळ उरतो. त्यात मगरिबची नमाज सूर्य मावळल्यापासून पश्चिमेची लाली जाईपर्यंतच, म्हणजे जेमतेम तास-सव्वा तासात उरकावी लागते. आणि दिवेलागणीला मुलं किरकिरी होतात हे कुठल्याही आजीला विचारा.

आमच्या घरात दोन मजहब नांदतात. मी रत्नागिरीकडचा कोकणी मुसलमान, म्हणजे शाफई. अरबस्तानाशी गलबतांचा व्यवहार असलेल्या किनाऱ्यावरची ही परंपरा. बायको लातूरची, देशावरच्या बहुतेकांसारखी हनफी. एरवी हा फरक अ‍ॅपमध्ये असरची वेळ निवडताना तेवढा जाणवतो. हनफींची असर उशिरा लागते. मूल झाल्यावर तो हॉलमध्ये येऊन बसला.

बायकोच्या सामानातून माहेरचं 'बहिश्ती जेवर' आलं होतं, नागरी लिपीतलं. मौलाना अशरफ अली थानवी (1863-1943) यांनी मुलींच्या शिक्षणासाठी रचलेलं हे पुस्तक उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत कित्येक नवऱ्या मुलींच्या पेटीत दिलं जातं. त्यात नमाज कशाने मोडते याची यादी आहे. बोलण्याने, विनाकारण खाकरण्याने, काही खाण्याने. आणि याच यादीत एक मसला असा, की नमाज चालू असताना मूल येऊन अंगावर प्यायलं तर नमाज गेली. दूध आलंच नसेल तर गेली नाही.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चकित झालो. कुठल्याही मर्दानी नमाजच्या पुस्तकात मी हे कधी पाहिलं नव्हतं. लिहिणाऱ्याला घर माहीत होतं. बाई बसली की मूल येतं, पदर ओढतं आणि प्यायला लागतं, त्याला तिथे 'अत्तहियात' चाललंय का आणखी काही याचं घेणंदेणं नसतं, हे त्या यादीला ठाऊक आहे. दूध आलं की नाही इथवर ती पोचते. ज्यांना हे पुस्तक फक्त बायकांना दाबणारं वाटतं त्यांनी एवढा बारकावा मोजायला हवा.

पण वाक्य कसं बांधलंय ते बघा. मूल येतं, पितं. दूध येतं किंवा येत नाही. नमाज जाते किंवा राहते. या तीन कर्त्यांच्या मधे जी बाई बसली आहे ती वाक्यात कुठेच नाही. तिने आता काय करावं? मुलाला दूर करावं की पाजून घ्यावं आणि नमाज पुन्हा सुरू करावी? दिवसातून तीनदा असं झालं तर? याद्यांचा हा दोषच असं मी म्हणणार नाही. यादीचं काम झटकन 'हो' किंवा 'नाही' सांगण्याचं. मी रोज जे एरर कोड वाचतो तेही असेच असतात, 'मोडलं' एवढंच सांगतात. अडचण इतकीच, की आमच्यासारख्या बऱ्याच घरांत नमाजीबद्दल हातात असलेला मजकूर म्हणजे फक्त यादी. तिच्यात मूल शिरतं ते मोडणाऱ्या गोष्टींच्या रांगेतूनच, खाकरणं आणि खाणं यांच्या शेजारून.

जास्तीच्या हालचालींचं असंच. शाफईंकडे मोजदाद आहे: सलग तीन मोठ्या हालचाली झाल्या की नमाज मोडली. हनफींकडे निकष वेगळा: लांबून बघणाऱ्याची खात्री पटली की हा माणूस नमाजीत नाही, तर ती मोडली. एकीकडे काउंटर, दुसरीकडे साक्षीदार. मला आमचा निकष नेटका वाटायचा आणि बायकोचा ढिला. मग लक्षात आलं, की आमच्या हॉलमधला 'लांबून बघणारा' म्हणजे मीच, सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसलेला. ती उभी, मूल तिच्या पायांत, आणि मी बघतोय.

आता उमामा.

ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. सांगणारे अबू कतादा अन्सारी, प्रेषितांचे घोडेस्वार म्हणून ओळखले जाणारे लढवय्ये. मजकूर इतका छोटा की त्याला गोष्ट म्हणावं का असा प्रश्न पडतो. प्रेषित नमाज पढत होते आणि त्यांनी उमामाला अंगावर घेतलेलं होतं. सजद्यात जाताना ते तिला खाली ठेवत, उभे राहताना पुन्हा घेत. संपलं.

कारण दिलेलं नाही. ती रडत होती म्हणून, घरी कुणी नव्हतं म्हणून, असं काही नाही. संवाद नाही, चमत्कार नाही, शेवटी उपदेश नाही. मुलीचं वय नाही. नाव मात्र पूर्ण आहे, आणि बुखारीत ते आईकडून सुरू होतं: आधी जैनब, प्रेषितांची लेक, आणि मग बाप अबुल आस. जिथे प्रत्येक जण अमक्याचा मुलगा, तमक्याची मुलगी म्हणून बापाच्या नावाने ओळखला जातो, तिथे हा क्रम डोळ्यांत भरतो. बाकी दोन क्रियापदं, ठेवणं आणि घेणं, आणि प्रत्येकाला जोडलेला 'जेव्हा'. म्हणजे हे एकदा घडून गेलेलं नाही, रकातीगणिक चाललंय. चार रकाती धरल्या तर चारदा तरी खाली ठेवणं आलं. तुमच्यापैकी कुणी दहा किलोचं मूल चार वेळा खांद्यावर चढवलं असेल तर त्याला या दोन क्रियापदांचं वजन समजेल.

मुस्लिमच्या एका कथनात थोडा फरक आहे. तिथे प्रेषित लोकांची इमामत करत आहेत, म्हणजे मागे रांगा उभ्या आहेत. आणि तिथे ते मुलीला सजद्याच्या आधी, रुकूतच खाली ठेवतात. कागदावर हा पाठभेद. मला तो कागदावर कधी कळला नसता. लेकीला खांद्यावर घेऊन रुकूत गेलो तेव्हा ती सरळ डोक्याकडून घसरायला लागली आणि मी तिला कसंबसं धरलं. मूल मानेवर असताना काटकोनात वाकता येत नाही. मुस्लिमच्या कथनातला तपशील ज्याने कुणी लक्षात ठेवला त्याने नीट पाहिलेलं होतं.

बुखारींबद्दल म्हणतात की त्यांचं स्वतःचं मत शोधायचं तर त्यांनी प्रकरणांना दिलेले मथळे वाचावेत. या हदीसवरचा मथळा अर्धाच आहे: नमाजीत लहान मुलीला मानेवर घेतलं तर. पुढे काही नाही. चालेल, चालणार नाही, नाइलाज असेल तर चालेल, काहीच नाही. आमच्या धंद्यात असा 'इफ' लिहून खाली रिकामी जागा सोडली तर रिव्ह्यूमध्ये परत येतो. इथे रिकाम्या जागेत ती हदीसच येऊन बसते.

ही रिकामी जागा पुढच्यांना मात्र सोसली नाही. मालिकी पंडितांकडून तीन खुलासे आले: ही नफल, म्हणजे ऐच्छिक, नमाज असणार, किंवा फार नाइलाज असणार, किंवा हा हुकूम नंतर रद्द झाला असणार. दहाव्या शतकातल्या खत्ताबींनी वेगळीच वाट काढली. मुलगी स्वतःच येऊन बिलगत असणार, प्रेषितांनी मुद्दाम उचललं नसणार, असं त्यांचं म्हणणं. चारही खुलाशांचा रोख एकच आहे, उचलणाऱ्या हातांकडून उचलणं काढून घ्यायचं. त्यांचा आदर राखूनही मला वाटतं, की हे यादीच्या सवयीने गोष्ट वाचणं आहे. यादीत मूल अडथळा असतं. गोष्टीत ते तसं वागत नसेल तर गोष्टीतच काही गडबड असली पाहिजे.

तेराव्या शतकातले इमाम नववी, आमच्या शाफईंचे मोठे आधार, मुस्लिमच्या संग्रहावरच्या भाष्यात हे सगळे खुलासे एकेक करून उडवून लावतात. त्यांचा सूर जवळजवळ वैतागलेला आहे. या दाव्यांना पुरावा नाही, त्यांची गरजही नाही, हदीस स्वच्छ आहे. प्रेषित इमामत करत होते असं मजकूर सांगतो तर ही ऐच्छिक नमाज कुठून आणली? 'पुन्हा उचललं' असं मजकूर म्हणतो तर ती आपोआप कशी बिलगली? मग ते सांगतात की हालचाली थोड्या असतील किंवा मधे अंतर ठेवून झाल्या असतील तर नमाज मोडत नाही. म्हणजे आमचा तीनचा काउंटर मधे थांबलं की शून्यावर येतो. आमच्या भाषेत, रेट लिमिट. शिवाय मुलाचे कपडे आणि अंग, घाण दिसत नाही तोवर पाकच धरायचं. डायपर बदलल्याला किती मिनिटं झाली याची उजळणी करत उभ्या असलेल्या माणसाला हे वाक्य केवढा दिलासा देतं ते काय सांगू.

आणि या नववींनी लग्नच केलं नाही. सीरियातल्या नवा गावचा हा माणूस उभं आयुष्य पुस्तकांत राहिला, चाळिशीच्या मध्यावर गेला. खांद्यावरच्या मुलीची सगळ्यात ठाम बाजू घेणाऱ्याच्या स्वतःच्या खांद्यावर आपलं मूल कधी बसलं नव्हतं. त्याने फक्त नीट वाचलं. अनुभव असल्याशिवाय मजकूर कळत नाही असं मी चार परिच्छेदांपूर्वी जवळजवळ म्हणून बसलो होतो. ते नववींसमोर टिकत नाही.

आणखी एक वाचन इब्न हजर यांच्या 'फत्हुल बारी'त नोंदलेलं आहे, फाकिहानी नावाच्या भाष्यकाराचं. अरबांना मुली नकोशा असत, त्यांना अंगाखांद्यावर घेणं कमीपणाचं वाटे. ती सवय मोडायला प्रेषितांनी ऐन नमाजीत नातीला उचललं. हे वाचन मला आवडतं. मला मुलगी आहे आणि ती झाली तेव्हा 'पहिली बेटी, धनाची पेटी' असं सांत्वन करायला आलेले लोक मी पाहिलेत, त्यामुळे जास्तच आवडतं. तरी ते पुरतं पटत नाही. त्यात उमामाचा संदेश होतो. तिला बघायला मागे रांगा उभ्या आहेत म्हणून ती खांद्यावर आहे, असं ते वाचन म्हणतं. मूळ मजकूर तसं काही सुचवत नाही. अबू दाऊदच्या एका कथनात लोक जुहरची किंवा असरची वाट पाहत बसलेत आणि प्रेषित तिला घेऊनच बाहेर येतात. ती आधीपासूनच अंगावर होती. नमाजीची वेळ झाली आणि तिला काही उतरवलं नाही, एवढंच.

मदरशात आम्हाला नमाजीतल्या एकाग्रतेच्या, खुशूच्या, ज्या गोष्टी सांगत त्या वेगळ्या होत्या. सगळ्यात गाजलेली हजरत अलींची. पायात रुतलेला बाण ते नमाजीत असताना उपटून काढला आणि त्यांना पत्ताही लागला नाही. ही गोष्ट कुठल्या संग्रहात किती पक्की आहे हे तेव्हा कुणी विचारत नसे. आम्ही आठ-नऊ वर्षांची पोरं आपापल्या पायाला चिमटा काढून बघायचो. त्यातून डोक्यात एक गणित पक्कं बसलं: जितकं कमी ऐकू येईल तितकी नमाज खरी. मोठेपणी मी मशिदीत जाऊन जी 'अख्खी' नमाज पढत होतो ती या गणिताची. बायको आमच्या लेकीचं रडणं ऐकत घरी पढत होती, तिची 'तुकड्यांची' नमाजही याच गणितातली वजाबाकी होती.

या गणिताला सरळ छेद देणारी दुसरी हदीस पुन्हा अबू कतादांचीच आहे (अनस यांच्याकडूनही आली आहे). प्रेषित सांगतात की मी लांब नमाज पढायच्या इराद्याने उभा राहतो, मग मुलाचं रडणं कानावर येतं आणि मी नमाज आटोपती घेतो, त्याच्या आईला त्रास होऊ नये म्हणून.

बाण न जाणवणारा माणूस इथे नाही. इथला माणूस ऐकतो. इमामाच्या जागेवरून, पाठमोरा, कुराण पठण करताना, मागच्या कुठल्या तरी रांगेतलं रडणं त्याला ऐकू येतं. एवढंच नाही, त्या रडण्यामागे एक बाई उभी आहे, तिला आत्ता नमाज सोडवत नाही आणि मूलही ऐकवत नाही, हेही त्याच्या ध्यानात येतं. 'बहिश्ती जेवर'च्या त्या वाक्यातून गळालेली बाई या वाक्यात सापडते. शेवटचं कारण तिचंच आहे. मूल रडतंय म्हणून नमाज छोटी केली, इतकं म्हणूनही भागलं असतं.

आणि आणखी एक गोष्ट इतकी उघड्यावर आहे की मी कैक वर्षं तिच्यावरून नजर फिरवून गेलो. ती बाई मशिदीत आहे. मुलासकट. मी जिथे जातो त्या पुण्यातल्या मशिदीत बायकांना जागाच नाही, आणि पोरं फार लहान असतील तर आणू नका असं जुमाच्या दिवशी नम्रपणे सांगितलं जातं. 2019 मध्ये पुण्यातल्याच एका दांपत्याने बायकांच्या मशीदप्रवेशासाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती तेव्हा आमच्या ग्रुपवर दोन दिवस जोरदार चर्चा झाली. कुणी कुराणातले दाखले दिले, कुणी संविधानातले. या रडणाऱ्या मुलाची हदीस कुणाला आठवली नाही. मलाही नाही.

तिसरा मजकूर नसाईंच्या संग्रहातला, सांगणारे शद्दाद. प्रेषित संध्याकाळच्या एका नमाजीला नातवाला घेऊन येतात. हसन की हुसेन, हे सांगणाऱ्याला नक्की नाही, आणि तो तसं सांगतो. मुलाला खाली ठेवून नमाज सुरू होते. एक सजदा खूप लांबतो. शेवटी शद्दाद डोकं वर करून बघतात तर मूल प्रेषितांच्या पाठीवर. ते पुन्हा सजद्यात जातात. नंतर लोक विचारतात, काही विपरीत झालं का, की वही, म्हणजे ईश्वरी संदेश, उतरत होता? तसं काही नव्हतं, उत्तर मिळतं. माझा पोरगा माझ्यावर स्वार झाला होता आणि त्याचं मन भरेपर्यंत त्याला घाई करणं मला बरं वाटलं नाही.

तिन्ही मजकुरांत मला हा सर्वांत आवडतो, आणि तो शद्दादमुळे. इमामाच्या मागे सजद्यात असताना डोकं वर करायचं नसतं. त्यांनी ते केलं आणि लपवलंही नाही. त्यांनी बेशिस्त केली नसती तर हे दृश्य आपल्यापर्यंत पोचलंच नसतं. उरलेल्या सगळ्या रांगा शिस्तीत कपाळ टेकून होत्या, आणि त्यांच्या मनात आलं ते एक तर संकट, नाही तर वही. मूल असेल असं एकाच्याही मनात आलं नाही. एका मुलासाठी नमाज आखडली जाते, दुसऱ्यासाठी सजदा लांबतो. वेळ दोन्हीकडे मूल ठरवतंय.

हे सगळं वाचून मी अ‍ॅप्सकडे वळलो, कारण तो माझा प्रांत. पाच गोल, वेळेत पढलात तर हिरवे, उशीर झाला तर पिवळे, सलग दिवसांची साखळी. एका अ‍ॅपमध्ये जमातीने पढलेल्या नमाजीला गडद हिरवा आणि घरच्या नमाजीला फिका. रंग निवडणाऱ्याने मनचं काही केलेलं नाही. जमातीच्या नमाजीचं पुण्य सत्तावीस पट ही प्रसिद्ध हदीसच आहे. पण माझा आणि बायकोचा फोन शेजारी ठेवला तेव्हा माझा महिना गडद आणि तिचा फिका, मधे-मधे पिवळा. माझ्या प्रत्येक गडद गोलाच्या वेळी मूल कुणाकडे होतं हे त्या स्क्रीनवर कुठेच नव्हतं. असं काही दाखवणारं डिझाइन सुचतंय का म्हणून मी एका रविवारी वही घेऊन बसलो होतो. सुचलं नाही. जे सुचलं त्यात फक्त आणखी एक रंग वाढत होता.

तर, उचलणारा कोण. बायकोने विचारलं होतं ते साधंच होतं. गुलाबी फॉरवर्डमध्ये चित्र बाईचं होतं आणि हाक आयांना होती. हदीसमध्ये बाई उचलत नाही. पुरुष उचलतो, आजोबा उचलतात, आणि तेही घराच्या कोपऱ्यात नाही तर इमामाच्या जागी, सगळ्यांसमोर. आईला दिलासा द्यायला ही हदीस वापरता येते, नाही असं नाही. पण ती सतत आईलाच पाठवली जाते आणि बापांच्या ग्रुपवर त्याच मिनिटाला विसरली जाते, तेव्हा त्या चार खुलाशांत पाचव्याची भर पडते: हे तुमच्यासाठी आहे, आमच्यासाठी नाही. तो खुलासा मी स्वतः बोटाने दाबून पुढे पाठवला होता.

आणि खरं सांगायचं तर त्या काळात मी असरला मशिदीत जायचो ते सत्तावीस पटीसाठी कमी आणि शांततेसाठी जास्त. मशीद ही मला मिळालेली वीस मिनिटांची रजा होती. बायकोची सव्वीस आठवड्यांची रजा संपली, ती आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला जायला लागली आणि त्या दिवशी माझं घरून काम, तेव्हा असर आणि मगरिब लेकीसह माझ्या वाट्याला आल्या. पहिल्या आठवड्यात मी तिला पाळण्यात ठेवून पढलो. ती सबंध चार रकाती रडली आणि मी बाणाच्या गोष्टीसारखा उभा राहायचा प्रयत्न केला. सलाम फिरवून तिला घेतलं तेव्हा हुंदक्यांनी तिचं अंग गदगदत होतं. काय पढलो ते एक अक्षर आठवत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून तिला घेऊनच उभा राहिलो. खांद्यावर नाही, कडेवर. हात बांधायचे राहिले. रुकूत ठेवायचं, सजद्यातून उठताना घ्यायचं. मधे थांबायचं. ती माझ्या टोपीचा शेंडा चावते. कधी सजद्यात माझ्या शेजारी येऊन कपाळ टेकवते आणि तिरक्या डोळ्याने बघते, मी बघतोय का म्हणून. मी बघत असतो.

या लेखाचा कच्चा खर्डा बायकोने परवा ट्रेनमध्ये वाचला. नववी लग्नाविना राहिले तो भाग तिला आवडला. मग तिने एकच शंका काढली, आणि मी पाहिलेल्या भाष्यांत तिचं उत्तर मला सापडलेलं नाही. ठेवत, पुन्हा घेत, हे ठीक. पण खाली ठेवल्यावर उमामा गेली कुठे? दोन सजदे होईपर्यंत ती जागच्या जागी बसून राहिली? आमची तर खाली पाय टेकला की सरळ बाल्कनीकडे पळते.